चंपाषष्ठीच्या आधी उघडलेली गंज

आमच्या घरात दोन गोष्टींना चंपाषष्ठीपर्यंत हात लावायचा नाही, असा दंडक होता. एक वांगं आणि दुसरी वैरणीची गंज. वांग्याचं एक वेळ ठीक. चातुर्मासात वांगं वर्ज्य, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ते सुटतं, हे अख्ख्या मुलखाला ठाऊक आहे. गंजीचं खूळ मात्र आमच्या घराण्याचं स्वतःचं. वैरण रचून गंज एकदा वरून पाचटानं शाकारली, की तिच्यात कुणी हात घालायचा नाही, लोखंड तर मुळीच लावायचं नाही. चंपाषष्ठीला तिच्यावर भंडारा उधळायचा आणि मगच पहिली पेंढी उपसायची. माझ्या कुण्या पणज्यानं हे मोडलं आणि त्याच साली त्याचा बैल मेला, अशी कथा होती. बैल बहुधा म्हातारा असावा. पण आमच्या घरात म्हातारपणानं कुणी मरत नसे. कुणाच्या तरी चुकीनं मरत असे, आणि ती चूक कुणाची हे ठरवायचं काम माझ्या आत्याकडे होतं.

आमची वस्ती बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, कालव्याच्या शेपटाकडे. कालव्याच्या तोंडाशी ऊस, गूळ आणि रंगीत पागोटी, शेपटाला आम्ही. घर तीन खणांचं आणि गोठा पाच खणांचा होता, त्यावरून घरात कुणाची किंमत किती हे कळावं. गोठ्यात आठ जनावरं. चार बैल, एक म्हैस, तिचं रेडकू, एक कालवड आणि चांदी नावाची खिल्लार गाय. गोठ्याची आणि आमची भिंत एकच. पहाटे जाग यायची ती कोंबड्यानं नव्हे, तर कडबा मोडण्याच्या आवाजानं. तात्या, म्हणजे माझे वडील, ओंडक्यावर ताटं ठेवून कोयत्यानं तोडत, आणि पलीकडे आठ तोंडं एका तालात कुरुमकुरुम करत. इकडे चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असे. लसणाच्या चटणीचा खकाणा उठला की म्हैस शिंकायची. आज माझ्या पुण्याच्या घरात सगळं शांत असतं आणि मला सकाळी भूक लागत नाही. डॉक्टर म्हणतात वयामुळे. मला वाटतं, शेजारी कुणी खात नाही म्हणून.

परमुलखातल्या लोकांना वाटतं की आमच्याकडच्या जनावरांचे हाल उन्हाळ्यात होतात. उन्हाळ्यात हाल माणसांचे. जनावरांची खरी ओढ थंडीत. पावसाळी गवत संपलेलं असतं, गेल्या सालचा कडबा तळाला लागलेला असतो, आणि नवा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, रानात हिरवागार उभा असतो, पण माघ-फाल्गुनाशिवाय तो हाताला येत नाही. डोळ्यांसमोर वैरण उभी आणि दावणीला उपास. मी सांगतोय त्या साली तर कडबा दिवाळीआधीच गुडघ्याएवढा उरला होता. तात्या रोज सकाळी त्या ढिगाकडे बघत आणि मग चांदीकडे बघत. चांदी दोन वर्षं भाकड होती. दूध नाही, वासरू नाही, औताला जुंपायची सोय नाही. गोठ्यात नुसती उभी, आणि खाण्यात मात्र पुढे. तात्यांच्या त्या नजरेचा अर्थ इंदापूरचा बाजार असा होता. भाकड गाय बाजारात कोण घेतो आणि पुढे तिचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कुणी ते बोलत नसे. ‘परमुलखात गेली’ म्हणत, जणू गाईला तिकडे नोकरी लागलीय.

चांदी माझ्या आईची होती. म्हणजे घरातलं काहीच आईचं नव्हतं, पण चांदीची आई तिच्या माहेराहून, भीमाकाठच्या डाळजहून, तिच्याबरोबर आली होती. त्या गाईच्या पोटची ही शेवटची. आई फार बोलत नसे. घरात बोलायचं काम आत्यानं सगळंच्या सगळं घेतलेलं होतं. आत्या तात्यांची थोरली बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत परत आली ती कायमची. देव, लोणची आणि इतरांच्या चुका ही तिची तीन खाती.

मी तेव्हा पुण्याला शेतकी शिकत होतो. आमच्या घराण्यात पाटीवर अक्षर काढणारा मी पहिला, आणि गाव सोडून शेणामातीचंच शिकायला गेलेलाही पहिला. ‘बैलामागंच चालायचं हुतं तर बारामतीला जाऊन मॅट्रिक कशापायी झालास?’ असं आत्या विचारी. त्याला पटेलसं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. पण हीच आत्या आपल्या वाटणीचं तूप डब्यात भरून दर महिन्याला मला पाठवायची, आणि त्या तुपावर माझी पदवी झाली, हेही इथे लिहायलाच हवं. मी तिची थट्टा करणार आहे. तिनं माझी केली तिच्या मानानं ती काहीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दौंडला गाडी बदलून घरी आलो ते वाचनालयातलं एक जाडजूड विलायती पुस्तक घेऊन. हिवाळ्यात गाईंना वाळलेलं गवत कसं आणि किती घालावं, यावर त्यात पन्नासएक पानं होती. गवत फुलोऱ्यात असताना कापावं, कारण पिवळं पडल्यावर त्यात कस उरत नाही. तीन दिवस उन्हात उलथंपालथं करून वाळवावं, मग रचावं. जनावराच्या वजनाच्या चाळिसाव्या हिश्शाइतकी कोरडी वैरण रोज द्यावी. मला वाटलं, हे आमच्यासाठीच लिहिलंय. एकच अडचण होती. त्या पुस्तकातल्या गाई दुधाच्या नव्हत्या आणि शेतीच्याही नव्हत्या. त्या मांसासाठी पोसलेल्या होत्या. ओसरीवर बसून मी सगळ्यांना मजकूर मराठीत सांगत होतो आणि ते शब्द आले की गाळत होतो. आत्याच्या कानातून मात्र काही गळत नसे.

‘म्हादबा, तितल्या गाई दूध किती देत्यात?’

‘दुधाचं नाही लिहिलं.’

‘मग नांगर वढत्यात?’

‘नाही. तिकडे घोडे असतात.’

‘मग दिसभर करत्यात काय?’

‘खातात आणि वजन वाढवतात.’

‘आन मग?’

‘मग... साहेबाच्या उपयोगी पडतात.’

आत्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘व्हय व्हय,’ ती म्हणाली, ‘कळलं. हितनं पुस्तक देवाच्या खोलीत न्यायचं न्हाय.’

दुसऱ्या दिवशी मी दोरीला गाठी मारून जनावरांच्या छातीचे घेर मोजले, वजनं काढली, आणि कालव्याच्या तोंडाकडच्या गुऱ्हाळातून गूळ तोलायचा तराजू आणून वैरण तोलू लागलो. तात्या बिडी ओढत बघत होते. ‘सायेब,’ ते म्हणाले (मी कॉलेजात गेल्यापासून ते मला रागात सायेब म्हणत), ‘जनावर तोलून जेवत न्हाय. पोट भरंस्तवर जेवतं.’ आत्या आतून ओरडली, ‘ह्येच्या भाकरीबी तोला म्हणावं आज!’

पण आकडेमोड करून मी तात्यांना एक गोष्ट पटवली. कालव्याच्या पाझरानं आमचा एक तुकडा बाद झाला होता. तिथं पीक येत नसे, कमरेएवढं मारवेल गवत मात्र माजायचं. दरसाल ते दिवाळीनंतर पिवळं पडलं की कापत, आणि ते जनावरं खात नसत, नुसतं तुडवत. मी म्हणालो, हे आत्ताच, फुलोऱ्यात कापू. वाळवून गंज रचू. आठही जनावरं शाळू निघेपर्यंत निभावतील.

‘आठबी?’ आईनं चुलीपुढून विचारलं. तेवढंच.

‘आठही.’

तात्यांनी बिडी विझवली. ‘निभली तर चांदी ऱ्हाईल. न्हाय निभली तर बाजार. मग कुणी डोळ्याला पदर लावायचा न्हाय.’

तात्या, आई आणि मी, आम्ही तिघांनी मिळून चार दिवसांत तो तुकडा कापला. त्या हिरव्या गवताचा वास मला अजून आठवतो. कच्च्या हरभऱ्यासारखा, जरा गोडसर. आता वाळवण्याचं. पुस्तकात तीन दिवस लिहिलं होतं. मी ओसरीवर उभा राहून विचार केला. विलायतेत ऊन कसलं, नावाला. तिथं तीन दिवस लागत असतील, तर आमच्या उन्हाला एक दिवस पुष्कळ झाला. माझ्या आयुष्यातला स्वतंत्र बुद्धीनं केलेला हा पहिला विचार, आणि तो असा होता. वरून गवत खडखडीत लागत होतं. खाली जमीन पाणथळ आणि पहाटेचं दव, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तात्यांचंही चुकलंच. त्यांना गंज माहीत होती ती कडब्याची. ज्वारीचं ताट जाड असतं, ते रानातच वाळून काठी झालेलं असतं. ते जितकं दाबून रचाल तितकी गंज टिकते. त्यांनी हे कोवळं गवत तसंच रचलं. थर टाकला की वर चढून नाचायचे, मलाही नाचायला लावायचे. आई पेंढ्या वर देत होती. तिनं एक काडी उचलली, पेराशी पिळली, आणि बोट दाखवलं. बोटाला ओल होती.

‘डाळजला असं दाबत न्हाईत,’ ती म्हणाली. ‘गवत तीनदा उलथत्यात. आन रचताना मधी नळी ठिवत्यात, वारं खेळाय.’

‘डाळजची मानसं गंजीत बी नळी ठिवत्यात आन डोक्यात बी,’ तात्या वरून म्हणाले, आणि मी हसलो. हे मी लिहून ठेवतो, कारण त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. पुढे सरकारी नोकरीत गावोगाव फिरलो, शेकडो गोठे पाहिले. ओसरीवर पाटलांशी बोलून झालं की मी आधी गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईपाशी जायचो. वरिष्ठांना तो माझा नम्रपणा वाटायचा. ती शिक्षा होती, मी स्वतःला दिलेली.

दिवाळीच्या पाडव्याला गंज शाकारून झाली. तात्यांनी नारळ फोडला, आत्यानं हळद लावली, आणि चंपाषष्ठीपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही असं नेहमीप्रमाणे जाहीर झालं. उरलेल्या कडब्यावर जनावरं दिवस काढू लागली.

पंधरा दिवस झाले असतील. थंडी पडली होती. एका सकाळी मी दात घासायला बाहेर आलो तर आमचं मोत्या कुत्रं गंजीच्या माथ्यावर पाय पसरून झोपलेलं. रोज ते चुलीच्या राखेत निजायचं. त्याच्या अंगाखालून आणि गंजीच्या कडांतून पांढरी वाफ सावकाश वर जात होती, आणि तिच्यात कोवळं ऊन शिरून सगळं सोनेरी दिसत होतं. मी काही म्हणायच्या आत आत्या बाहेर आली, तिनं वर पाहिलं, आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

‘मल्हारी!’ ती ओरडली. ‘अरं देवाचं वाहन गंजीवर बसलंय!’

आता खंडोबाबरोबर कुत्रं असतं, हे खरं. पण मोत्या आदल्याच दिवशी शेजारच्या अंगणातून वाळत घातलेले बोंबील पळवून आला होता. आत्यानं त्याच्यावर भंडारा उधळला. तो शिंकला, अंग झाडलं, आणि पिवळाधमक होऊन पुन्हा झोपला. तासाभरात वस्तीवरची माणसं जमली. बायकांनी ओवाळलं. एकानं विचारलं, धूर कसला? आत्या म्हणाली, धूप. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. तात्यांची माझ्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती. शास्त्राची बाजू मांडणं मला भाग होतं. मी घसा साफ करून सांगितलं, ‘रात्री दव पडतं, सकाळी उन्हानं त्याची वाफ होते. यात देव वगैरे काही नाही.’ मला फार बरं वाटलं. अंधश्रद्धा एका बाजूला, शास्त्र एका बाजूला, आणि दोन्हीही सारखीच चुकलेली.

तीन दिवस हे चाललं. दर सकाळी मोत्या वर, वाफ आणखी दाट, आणि दर्शनाला येणारी माणसं आणखी जास्त. कुणी मोत्यापुढे पेढा ठेवला. वासही बदलत होता. आधी गोड, काकवीसारखा, मग जळक्या तमाखूसारखा. चौथ्या दिवशी आई भाकरी टाकता टाकता उठली, पिठाचे हात तसेच, गोठ्यातून लोखंडी पहार घेऊन आली, आणि सगळ्यांच्या देखत तिनं ती गंजीच्या पोटात खुपसली. दोन्ही हातांनी रेटून रेटून तिनं ती आत घातली.

आत्या किंचाळली. ‘चंपाषष्ठीच्या आधी लोखंड लावलंस? गंजीला? देव बसलाय वर!’

दोन भाकरी भाजून होतील इतका वेळ आई पहारीपाशी उभी राहिली. मग पहार उपसली आणि आत गेलेलं टोक माझ्यापुढे धरलं. ‘धर,’ ती म्हणाली. मी धरलं, आणि तितक्याच झटक्यात टाकलं. हाताला फोड आला. मग तिनं तात्यांपुढे धरलं. तात्यांनी माझ्यापेक्षा जरा जास्त वेळ धरलं, कारण लोक बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी सोडलं नाही. मग सोडलं.

‘डाळजला माझ्या आबांची गंज अशीच पेटली हुती,’ आई म्हणाली. ‘गोठ्यासकट. मी परकर नेसत हुते तवा. आतनं पेटती. भाईर ज्योत दिसंस्तवर समदं खाक झालेलं असतं.’

तात्या थबकले. मला वाटतं, त्यांना आगीची भीती नव्हती. एवढ्या लोकांनी नमस्कार केलेली गोष्ट आपल्या बायकोच्या सांगण्यावरून कशी उपसायची, ही भीती होती. गोठा गंजीपासून दहा पावलांवर. आठ जनावरं आत बांधलेली. आईनं त्यांची वाट पाहिली नाही. पदर खोचला, शिडी लावली आणि वर चढली. मोत्या उठेना. तिनं त्याला मानगुटीला धरून खाली सोडून दिलं आणि वरचं पाचट ओढून फेकलं.

‘घागरी भरा,’ ती वरून म्हणाली, ‘पोती भिजवा. जनावरं सोडा आधी. आन तुमी, उगं बघत काय ऱ्हायलाय?’ हे ‘तुमी’ माझ्या वडिलांना होतं. सगळ्या वस्तीनं ते ऐकलं.

मग जे झालं ते फार झटपट झालं. मी जनावरं सोडून माळाकडे हाकलली. दर्शनाला आलेले लोक विहिरीपासून रांग करून घागरी पोचवू लागले. तात्या वर चढले, आणि दोघं मिळून थरामागून थर खाली फेकू लागले. वरचा थर हिरवा, चांगला. त्याखाली तपकिरी. त्याखाली काळा, आणि त्यातून धूर भपकन आला. वारा लागताच काळ्या गवताच्या कडेला लाल रेघ धावली. आत्या तिथंच उभी होती. तिनं हातातली घागर थेट तिच्यावर ओतली आणि ओरडली, ‘देवाला आंगूळ घाला रं! पानी आणा!’ आत्यानं माघार घेतली नाही, फक्त विधी बदलला. पण त्या दिवशी सगळ्यांत जास्त घागरी तिनंच ओतल्या.

दुपारी अंगणात तीन ढीग पडले होते. हिरवा, तपकिरी आणि कोळसा. आई ओसरीच्या पायरीवर बसून हातांवरचे फोड बघत होती. चुलीवर राहिलेली भाकरीही कोळसा झाली होती. आणि मग माळावरून जनावरं परत आली, तपकिरी ढिगाचा वास घेतला आणि त्यावर तुटून पडली. हिरवं गवत बाजूला पडलेलं, ते सोडून आमचे चारही बैल ते भाजकं, काकवीच्या वासाचं गवत खात होते. गावात पुढे वर्षभर ‘म्हादबानं बैलांना तमाखूची चटक लावली’ असं म्हणत. पुस्तक नंतर उघडून पाहिलं तर सगळं लिहिलेलं होतं. ओलं गवत दाबून रचलं तर तापतं, तपकिरी होतं, जनावरं ते आवडीनं खातात पण त्यात सत्त्व कमी असतं, आणि कधी पेटतं. मी वाचनालयातून पुस्तक आणलं, पण ते पान सुट्टीच्या शेवटी वाचायचं म्हणून ठेवलं होतं.

संध्याकाळी तात्यांनी विचारलं, ‘आता किती निभतील?’

मी तराजू काढला, दोन्ही ढीग मोजले, तपकिरीचा कस कमी धरला. तीनदा आकडेमोड केली. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं.

‘सात,’ मी म्हणालो.

बैल तर हवेतच. म्हैस दुधाची. रेडकू आणि कालवड वाढती. तात्या चांदीकडे बघतही नव्हते. माझ्या आकड्यांनी तिला वाचवायचं होतं, आणि माझ्याच आकड्यांनी तिला दावणीतून काढलं. तात्या इतकंच म्हणाले, ‘परवा बाजार हाय.’ आईनं ठरल्याप्रमाणे डोळ्याला पदर लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर म्हशीची धार काढून झालेली, भाकऱ्यांची चवड टोपलीत झाकलेली, आणि आई चांदीचं दावं हातात घेऊन अंगणात उभी. डोईवर छोटं गठुडं.

‘कुठं निघालीस गं?’ आत्यानं विचारलं.

‘डाळजला.’

‘कोन न्यायाला आलंय?’

आमच्याकडे बाई माहेरी जायची ती भाऊ किंवा भाचा न्यायला आल्यावरच. त्या न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याशिवाय बाई निघाली तर त्याचा अर्थ एकच, सासरच्यांनी हाकललं. आईनं दावं हाताला वेढलं. तात्या ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांना नाही म्हणता आलं असतं. ते म्हणाले, ‘म्हादबा, संगं जा.’

सात-आठ कोसांची वाट. शाळवाची रानं पोटरीला आलेली, थंडगार वारा, चांदी पुढे, आम्ही मागे. आई वाटेत बोलली ती गाईशीच. सूर्य कलल्यावर भीमाकाठचं डाळज दिसलं, आणि घरामागच्या गवताच्या गंजी. उंच, सैल, पोटात आरपार भोक ठेवलेल्या. मामा अंगणात दोर वळत होता. त्यानं बहिणीला बघितलं, मागे मुराळी नाही, डोईवर गठुडं. तो उभाच राहिला. दोर हातातून सुटला.

‘आक्का? काय झालं? पावण्यांनी हाकललं तुला?’

‘मला न्हाय रं,’ आई म्हणाली, ‘हिला. ही माहेरी आलीया. मी हिची मुराळी.’

मामा आधी घाबरलेला, मग गोंधळलेला, आणि मग इतका हसला की मामीला बाहेर यावं लागलं. त्यानं चांदीपुढे गंजीतलं गवत टाकलं. हिरवंसर, वाळलेलं, काडी मोडली की कटकन आवाज करणारं. मी एक काडी उचलून पेराशी पिळली. बोट कोरडं होतं.

मी दुसऱ्या दिवशी एकटाच परतलो. घरात आत्या स्वयंपाक करत होती. ती देवाला भ्यायची, मिठाला नाही. चौथ्या दिवशी तात्या भाकरी पाण्यात बुडवून खाऊ लागले. आठव्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली. ‘गाईला बघून येतो,’ म्हणाले. मीही बसलो.

डाळजला तात्या थेट मामाच्या गंजीपाशी गेले. तिच्या भोकात कोपरापर्यंत हात घातला, थोडा वेळ ठेवला, बाहेर काढून वास घेतला. मग ओसरीवर बसून दोन भाकरी आणि वाटीभर पिठलं मुकाट्यानं खाल्लं, आणि तिसरी भाकरी मागितली. मामानं अदबीनं विचारलं, ‘दाजी, गाय न्यायची का?’

‘ऱ्हाऊ द्या,’ तात्या म्हणाले. ‘शाळू निघंस्तवर ऱ्हाऊ द्या. तुमची हरकत नसंल तर.’

आई दारात उभी होती. ‘मग मीबी तवर ऱ्हाते,’ ती म्हणाली. ‘गाय एकली रुळायची न्हाय.’

तात्यांनी पागोटं सारखं केलं, पाणी प्यायलं, आणि गाडी जुंपली. वाटेत ते माझ्याशी चार कोस बोलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत. मग एकदम म्हणाले, ‘पिठलं बरं हुतं, न्हाय?’ मी म्हणालो, ‘हो.’

सुट्टी संपली, मी पुण्याला गेलो. चंपाषष्ठीला घरी भरीत कसं झालं हे मी कधी विचारलं नाही. फाल्गुनात शाळूची काढणी झाली, आणि गावच्या शाळामास्तरांच्या वळणदार अक्षरात तात्यांचं कार्ड आलं. सगळी क्षेमकुशलं लिहून झाल्यावर शेवटी असं होतं:

‘चांदी काल पोचली. अंगानं भरली आहे. तुझी आई दोन दिवस आधीच आली, गोठा झाडलेला आहे की नाही ते पाहावयास. झाडलेला होता. मी स्वतः झाडला होता.’